कुंपणावरचा सरडा: पाठीचा रंग आणि गळ्याचा रंग

२२ एप्रिल

उन्हाळ्याच्या सुट्टीत आलेल्या भाच्याने काल जेवताना विचारले की सरडा रंग बदलतो तो नेमका कशासाठी. मी सवयीने ‘लपण्यासाठी’ असे उत्तर दिले. त्यावर त्याने विचारले, “मग मामा, आपल्या कुंपणावरच्या सरड्याचे डोके लाल कशाला होते? ते तर रस्त्यावरूनसुद्धा दिसते.” या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते, आणि जे उत्तर मी दिले होते तेही कधी स्वतः पडताळून पाहिलेले नव्हते. म्हणून सुट्टी संपेपर्यंत रोज पाहणी करायची आणि जे दिसेल ते लिहून ठेवायचे असे आम्ही दोघांनी ठरवले आहे.

जागा म्हणजे सातारा शहराबाहेरच्या आमच्या शेताचे दक्षिणेकडचे कुंपण. घायपाताची जुनी रांग, तिच्या आत बाभळीचे सोळा खांब आणि त्यांना काटेरी तार. पूर्वेकडून खांबांना क्रमांक दिले आहेत. येथे दिसणारा सरडा हा बागेत, परसात सर्वत्र आढळणारा कॅलोटिस व्हर्सिकलर आहे. दोदँ या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञाने १८०२ मध्ये त्याचे वर्णन केले आणि नाव देताना रंग पालटण्याचा गुणच त्यात घातला.

२३ एप्रिल

नियम ठरवले. सरड्याला पकडायचे नाही, हात लावायचा नाही, रंगाची खूण करायची नाही. दहा पावलांपेक्षा जवळ जायचे नाही. ओळख शरीराच्या खुणांवरूनच ठेवायची. पाचव्या खांबावर बसणाऱ्या मोठ्या नराच्या शेपटीचे टोक तुटलेले आहे आणि ते पुन्हा वाढलेले नाही, त्यामुळे तो लगेच ओळखू येतो. वहीत त्याचे नाव ‘पाचवा’ असे राहील. नोंदीचे रकाने असे आहेत: वेळ, ऊन की सावली, खांबाचे तापमान, सरड्याचा रंग, आसपास दुसरा सरडा आहे का.

खांबाच्या तापमानासाठी कोरोनाच्या काळात घरात आलेला, दुरून तापमान सांगणारा तापमापक वापरत आहोत. कपाळाऐवजी वस्तूच्या पृष्ठभागासाठी असलेले बटण दाबल्याशिवाय तो खांबाचे तापमान दाखवतच नाही, हे कळायला एक सकाळ गेली.

२९ एप्रिल

सात दिवसांच्या नोंदी एकत्र वाचल्यावर सकाळचे चित्र स्पष्ट होते. ‘पाचवा’ सातच्या सुमारास घायपातातून वर येतो तेव्हा त्याची पाठ ओल्या मातीसारखी गडद, जवळजवळ काळपट तपकिरी असते. तो खांबाच्या पूर्वेकडच्या बाजूला पोट चिकटवून, अंग पसरट करून, पाठ सूर्याकडे येईल असा बसतो आणि बराच वेळ हलत नाही. आज खांबाचा पृष्ठभाग सातला २३ अंशांवर होता. साडेआठपर्यंत पाठीचा काळपटपणा मानेकडून विरळ होऊ लागला, आणि नऊनंतर तो मातकट, मग बदामी दिसू लागला. तोपर्यंत खांब ३४ अंशांवर पोहोचला होता आणि सरडा किडे टिपायला खाली उतरू लागला होता.

या बदलाचे कारण समजायला सोपे आहे. सरड्याच्या शरीरात आपल्यासारखी उष्णता तयार होत नाही, त्याला ती बाहेरून घ्यावी लागते. गडद पृष्ठभाग उन्हातली उष्णता अधिक शोषतो, फिकट पृष्ठभाग ती परत फेकतो. पहाटे गारठलेला सरडा जितका लवकर तापेल तितका लवकर त्याला पळता येते, शिकार करता येते आणि शिकारी पक्ष्यापासून सुटता येते. पत्र्याच्या छपराला पांढरा रंग लावला की खोली थंड राहते हे आपण जाणतो, सरडा तेच एका सकाळीत दोन्ही बाजूंनी करतो.

३ मे

आजवरची सर्व छायाचित्रे बाद केली. मोबाईलचा कॅमेरा प्रकाश बदलला की रंगांचा समतोल आपोआप बदलतो, त्यामुळे हलक्या ढगांत काढलेल्या चित्रात सरडा निळसर आणि दुपारच्या चित्रात तोच पिवळा दिसत होता. बाभळीचा खांबसुद्धा रोज वेगळ्या रंगाचा दिसत होता, आणि खांब काही रंग बदलत नाही. अकरा दिवसांची मेहनत वाया गेली याचे दुःख झाले, पण चूक वेळेवर हाती लागली.

४ मे

रंगाच्या दुकानातून भिंतीच्या रंगांचे शेडकार्ड आणले. दुर्बिणीतून सरडा पाहायचा, मग सावलीत धरलेल्या कार्डावरची सर्वांत जवळची पट्टी निवडायची आणि तिचा क्रमांक लिहायचा. भाचा आणि मी एकमेकांना न दाखवता लिहितो व नंतर ताडून पाहतो. तपकिरी छटांवर आमचे बहुतेक वेळा एकमत होते, शेंदरी आणि विटकरी यांत मात्र होत नाही. तेथे दोन्ही क्रमांक लिहून ठेवतो.

८ मे

लपण्याच्या उत्तराची परीक्षा. परवा पाचव्या खांबाला जुन्या पांढऱ्या धोतराचा पट्टा गुंडाळला. ‘पाचवा’ दिवसभर त्या खांबाकडे फिरकलाच नाही, सहाव्यावर बसला. काल दुपारपासून तो पुन्हा आपल्या जागी आला. आज सकाळी धोतर काढून रोपवाटिकेत वापरतात ती हिरवी जाळी लावली आणि तो दहा वाजता तीवर बसला. दोन्ही कापडांवर त्याचा रंग त्या वेळेला एरवी असतो तोच राहिला: सकाळी गडद तपकिरी, उन्हे चढल्यावर बदामी. पांढऱ्यावर तो पांढरा झाला नाही आणि हिरव्यावर हिरवा झाला नाही.

९ मे

विटकरी कापड. तोच निकाल. भाच्याला फार आनंद झाला, कारण माझे उत्तर चुकले होते.

तीन कापडांच्या पाहणीवरून सरड्यांच्या साऱ्या जातींविषयी बोलणे मात्र योग्य होणार नाही, आणि मी ते त्यालाही समजावून सांगितले. आमच्या सरड्याचा तपकिरी, रेघारेघांचा मूळ रंगच खोडावर मिसळून जाणारा आहे, त्याला लपण्यासाठी वेगळे काही करावे लागत नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या बुटक्या शॅमेलिऑनांमध्ये (हे वेगळ्या कुळातले सरडे) तर लपण्यासाठी रंग बदलणे खरोखर आढळते. डेव्ही स्टुअर्ट-फॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये दाखवले की शिकारी पक्ष्यासमोर हे शॅमेलिऑन भोवतालच्या रंगाशी जितके नेमके जुळवून घेतात तितके सापासमोर घेत नाहीत. सापाला रंगांतला फरक पक्ष्याइतका कळत नाही, त्यामुळे तेवढ्याने भागते. याच संशोधकांनी बुटक्या शॅमेलिऑनांच्या अनेक प्रकारांची तुलना केली तेव्हा मात्र असे दिसले की ज्यांच्या अधिवासात रंगछटा अधिक आहेत ते अधिक रंग बदलतात असे नाही. ज्यांचे एकमेकांना दाखवायचे रंग अधिक ठळक आहेत, तेच अधिक रंग बदलतात. म्हणजे लपणे हे या गुणाचे एक काम असले, तरी तो इतका वाढीस लागला तो दिसण्यासाठी.

१३ मे

आजचा दिवस या वहीतला सर्वांत मोलाचा. सकाळी १०.१० ला सातव्या खांबावर एक अनोळखी नर चढला. ‘पाचवा’ तेव्हा बदामी रंगाचा, स्वस्थ बसलेला होता. त्याने प्रथम मान उंचावली. मग पुढचे दोन्ही पाय ताठ करून, वाकवून, पुन्हा ताठ करून तालमीत जोर काढावेत तसे अंग वर-खाली केले. गळ्याखालची कातडी खाली ताणली गेली, अंग दोन्ही बाजूंनी दाबल्यासारखे चपटे आणि उंच झाले, मानेवरची काट्यांची ओळ उभी राहिली. हे सर्व चालू असताना रंग चढत गेला: प्रथम ओठांच्या कडेला शेंदरी, मग गालफडे, मग सारा गळा आणि खांदे, शेवटी पुढच्या पायांच्या वरच्या भागापर्यंत. गळ्याच्या दोन्ही बाजूंना काळे ठिपके उमटले, दौतीत बोट बुडवून टेकवावे तसे. घड्याळ पाहिले तेव्हा तीन मिनिटेही झाली नव्हती.

अनोळखी नरही लाल झाला, पण गालांपलीकडे त्याचा रंग गेला नाही. दोघे तारेवरून समोरासमोर आले, एकदा तोंडे भिडली, आणि दुसऱ्याच क्षणी आलेला नर मागे वळला. खाली उतरताना त्याचा लाल रंग जणू कोणी पुसून घेतला, आणि घायपाताच्या पानाआड जाईपर्यंत तो पूर्ण मातकट झाला होता. ‘पाचवा’ आणखी वीस मिनिटे लाल राहिला.

नोंद लिहिताना अडलो. रंगाच्या रकान्यात काय लिहावे? गळा शेंदरी होता तेव्हाही पाठ कमरेखाली बदामीच होती. म्हणजे आजवर आम्ही ‘सरड्याचा रंग’ असा एकच रकाना ठेवला होता तोच चुकीचा होता. भाच्याने पट्टी घेऊन रकान्याच्या मधोमध उभी रेघ ओढली आणि एका बाजूला ‘पाठ’, दुसऱ्या बाजूला ‘गळा’ असे लिहिले. मागच्या नोंदी आठवून, शक्य तेवढ्या या दोन रकान्यांत पुन्हा उतरवल्या आणि सारा गोंधळ उलगडत गेला. पाठीचा रंग उन्हामागे जातो, गळ्याचा रंग दुसऱ्या सरड्यामागे.

१४ मे

ऑस्ट्रेलियातल्या दाढीवाल्या सरड्यावर मेलबर्नच्या संशोधकांनी २०१६ मध्ये हेच मांडलेले आहे: पाठीवरचा बदल तापमानाशी अधिक बांधलेला, दाढीचा आणि छातीचा बदल दुसऱ्या सरड्याशी होणाऱ्या व्यवहाराशी बांधलेला. पाठ सूर्यासमोर असते, दाढी प्रतिस्पर्ध्यासमोर. एकच कातडी, पण जिथे जे काम पडते तिथे ती तसे वागते. हे वाचले तेव्हा आमच्या पाचव्या खांबाला दूरचा नातेवाईक मिळाल्याचा आनंद झाला.

येमेन आणि सौदी अरेबियातल्या शिरस्त्राणधारी शॅमेलिऑनांच्या झुंजींविषयी रसेल लिगन आणि केव्हिन मॅकग्रॉ यांचे २०१३ चे काम तर कालच्या झुंजीला फारच जवळचे आहे. ज्याच्या अंगावरचे पट्टे अधिक उजळतात तो पुढे चालून येण्याची शक्यता अधिक, आणि ज्याचे डोके अधिक उजळते व अधिक वेगाने उजळते तो जिंकण्याची शक्यता अधिक. रंग किती चढतो आणि किती झपाट्याने चढतो यातून अंगातली धमक समोरच्याला आधीच कळते, आणि पुष्कळ झुंजी चावा न घेताच मिटतात. आलेल्या नराने उतरता उतरता लाल रंग टाकून दिला, तो याच हिशेबाने मला आता ‘मी माघार घेतली’ असे म्हटल्यासारखा वाटतो. मराठीत आपण ‘सरड्यासारखे रंग बदलतो’ असे म्हणतो ते दुटप्पी माणसाविषयी. मी काल पाहिलेल्या सरड्याने काहीच लपवले नाही. त्याच्या मनात काय आहे ते त्याच्या गळ्यावर सर्वांना वाचता येत होते.

१९ मे

ठोसेघरच्या पुढे चाळकेवाडीच्या पठारावर गेलो. तेथे गळ्याखाली पंखा असलेला लहान सरडा राहतो. २०१६ मध्ये या गटासाठी नवी प्रजाती, म्हणजे जवळच्या जातींचा वेगळा गट, मानली गेली, तिला आपल्या मराठी ‘सरडा’ शब्दावरूनच नाव मिळाले, आणि या पठारावरच्या जातीला ‘सरडा सुपर्बा’ म्हटले गेले. आपल्या घरचा शब्द जगभरच्या शास्त्रीय यादीत गेला, याचे मला मनापासून कौतुक वाटते.

नर एका हातभर उंचीच्या दगडावर मागच्या पायांवर ताठ उभा होता. अंग वाळलेल्या गवतासारखे, कोणाच्या नजरेत न भरणारे. मग गळ्याखालचा पंखा उघडला: निळा, त्याला लागून काळा, मागे नारिंगी. मिटला, उघडला, मिटला. येथे रंग बदलत नाही, तो कायम तेथेच असतो, फक्त घडी घालून ठेवलेला असतो. आकाशात घार दिसली की पंखा मिटायचा आणि पुन्हा गवतासारखे व्हायचे. आमचा सरडा जे काम कातडीच्या आतल्या पेशींकडून करून घेतो, ते हा कातडीच्या घडीने करतो.

याच पठारावरच्या पवनचक्क्यांविषयी मारिया ठाकर, अमोद झांबरे आणि हर्षल भोसले यांचे संशोधन २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. पवनचक्क्यांजवळ शिकारी पक्षी पुष्कळ कमी, त्यामुळे सरडे अधिक. पण दाटी वाढल्यामुळे खाण्यासाठी चढाओढही अधिक, आणि तेथील नरांच्या पंख्याचे रंग फिके. रंग घडवायला आणि टिकवायला शरीराला खर्च येतो, तो खर्च झेपला नाही की रंगावर दिसतो. परतताना भाचा बराच वेळ पवनचक्क्यांकडे पाहत होता.

२४ मे

पाऊस नाही, पण दोन दिवस ढगाळ. पाठीचा काळपटपणा आज अकरापर्यंत टिकला. वेळ मिळाला म्हणून कातडीच्या आत काय घडते ते भाच्याला समजावले.

सरड्याच्या कातडीत रंगपेशींचे थर असतात. वर पिवळ्या-लाल रंगद्रव्याच्या पेशी, त्यांच्याखाली ग्वानिन नावाच्या द्रव्याचे सूक्ष्म स्फटिक भरलेल्या, प्रकाश परतवणाऱ्या पेशी, आणि सर्वांत खाली मेलॅनिनच्या काळ्या कणांच्या पेशी, ज्यांच्या फांद्या वरच्या थरांपर्यंत पोहोचलेल्या असतात. काळे कण पेशीच्या मध्याशी गोळा झाले की कातडी फिकट दिसते. तेच कण फांद्यांमधून वर पसरले की खालून शाई झिरपावी तशी ती गडद होते. मी परातीत थोडे तीळ घेतले. मध्ये ढीग केला तेव्हा परात चकचकीत दिसली, हाताने पसरले तेव्हा काळी झाली. त्याला ते लगेच पटले.

शॅमेलिऑनची करामत याहून निराळी आहे. जिनिव्हा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये मादागास्करच्या पँथर शॅमेलिऑनमध्ये दाखवले की त्याच्या वरच्या थरातले ग्वानिनचे स्फटिक जाळीसारखे रचलेले असतात, आणि त्यांच्यातले अंतर तो कमी-जास्त करू शकतो. स्वस्थ असताना अंतर कमी असते, तेव्हा निळा प्रकाश परततो आणि वरच्या पिवळ्या रंगद्रव्यातून तो आपल्याला हिरवा दिसतो. दुसरा नर समोर आला की अंतर वाढते आणि परतणारा प्रकाश पिवळ्या-नारिंगीकडे सरकतो. त्याखाली स्फटिकांचा आणखी एक थर आहे, तो उष्णतेच्या किरणांचा बराच भाग परतवतो. आमच्या कॅलोटिसच्या कुळातल्या सरड्यांत असे दोन थर नाहीत.

हुकूम कोठून येतो हेही सर्वांत सारखे नाही. शॅमेलिऑनमध्ये मज्जातंतू रंगपेशींपर्यंत पोहोचतात. अमेरिकेतल्या हिरव्या अॅनोल सरड्यामध्ये ते पोहोचतच नाहीत, तेथे रक्तातून येणारी संप्रेरके हिरव्याचा तपकिरी आणि तपकिरीचा हिरवा करतात.

२७ मे

रात्री साडेनऊ. मंद प्रकाशाच्या विजेरीने कुंपण पाहिले. मेंदीच्या एका काडीच्या टोकाला एक मादी झोपलेली. पाठ: फिकट, जवळजवळ पिवळसर पांढरी. भोवती गर्द पाने, आणि ती मात्र उजेडात वाळक्या पानासारखी उठून दिसणारी. विजेरी लगेच बंद केली.

२ जून

आज ‘पाचव्या’च्या समोर मादी होती. गळा लाल झाला, पण झुंजीच्या दिवसासारखा नव्हे. डोके सावकाश हलत होते, पाठीचा पुढचा भागही पिवळट झाला होता. मादी एकदा थांबली, मग निघून गेली. दोन्ही वेळच्या पट्ट्यांचे क्रमांक शेजारी लिहिले, पण शेंदरी-विटकरी छटांवर आमचे पुन्हा एकमत झाले नाही, त्यामुळे या दोन लाल रंगांत फरक आहे असे ठामपणे लिहीत नाही.

हा फरक दगडावरच्या दख्खनी सरड्यात मात्र नीट मोजला गेलेला आहे. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अनुराधा बाताब्याल आणि मारिया ठाकर यांनी २०१७ मध्ये दाखवले की तेथील नर मादीसमोर पाठीवरचा पट्टा लाल आणि कुशी काळ्या करतो, तर दुसऱ्या नरासमोर पाठ पिवळी आणि कुशी नारिंगी करतो. मादीसाठी रंगांतला विरोध अधिक ठळक, प्रतिस्पर्ध्यासाठी बदल अधिक झटपट. समोर कोण आहे ते पाहून, त्याच अंगावर, वेगळे वाक्य.

९ जून

मृगाच्या सरी आल्या. भाचा काल गावी गेला, जाताना वहीच्या शेवटच्या पानावर पुढच्या तारखांची कोरी कोष्टके आखून ठेवली. पावसात ‘पाचवा’ दिसला नाही. एकूण नोंदी पाहता तो चौथ्या खांबापासून नवव्यापर्यंतच फिरला. सरड्याची धाव कुंपणापर्यंत असे म्हणतात, त्याची त्याच कुंपणाच्या सहा खांबांची होती.

२८ जून

उघडीप. अकराव्या खांबाच्या मुळाशी भिजून मऊ झालेल्या मातीत मादीने पुढच्या पायांनी खड्डा उकरला, त्यात शेपटीकडचा भाग उतरवून अंडी घातली, मग माती परत ओढून नाकाडाने ठोकून ठोकून बसवली. शेवटी तिचे तोंड चिखलाने माखलेले होते. पाठ: मातकट, दोन्ही कडांना फिकट रेघ. गळा: मळकट पांढरा. या कामात तिला कोणाला काही दाखवायचे नव्हते. जागेवर चार काटक्या रोवल्या, म्हणजे कोणाचा पाय पडणार नाही.

१४ सप्टेंबर

सकाळी पावणेआठ, पावसानंतरचे कोवळे ऊन. काटक्यांच्या मध्ये बोटाच्या पेराएवढे भोक, कडा ताज्या. दहाव्या खांबाच्या पायथ्याशी, दगडावर, शेपटीसकट माझ्या बोटाएवढे पिल्लू. तापमापकाने दगड २१ अंश दाखवला. पिल्लाने पोट दगडाला चिकटवून अंग पसरले होते आणि पाठ उन्हाकडे केली होती. तासाभराने दगड २९ अंशांवर गेला तेव्हा पाठीवरच्या दोन फिकट रेघा उठून दिसू लागल्या होत्या.

भाच्याने आखलेल्या कोष्टकात लिहिले. पाठ: आधी गडद तपकिरी, मग मातकट. आसपास दुसरा सरडा: नाही. गळा: पांढरट, काही चढलेले नाही.